दोन रक्तं

जनावरांच्या डॉक्टर नीलिमाने रक्ततपासणीचे दोन छापील कागद बशीरच्या टांग्यात बैठकीवर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांवरच्या काळ्या पट्ट्यांवर बोट टेकवलं.

“हा तुमच्या मोगरा घोडीचा. हा त्या धनगराच्या घोड्याचा. गोचिडीतून रक्तात शिरणारा जंतू दोघांतही होता. पण या जंतूच्याही निरनिराळ्या जाती असतात, बशीरचाचा. या दोन जुळत नाहीत. मोगराच्या रक्तातली जात इथल्याच चार टांग्यांच्या घोड्यांत सापडली.”

“म्हंजे धुळाच्या घोड्याकडनं आला न्हाई?”

“नाही.”



पंधरा वर्षं धुळा मेंढरं घेऊन कोकणात उतरताना वाईला बशीरच्या परड्यात मुक्काम टाकायचा. सत्त्याण्णवच्या दिवाळीतही त्याचं तांबडं घोडं पंधरवडाभर मोगराशेजारी बांधलेलं होतं. मग मोगरा तापली, लाल मुतू लागली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बशीर चारचौघांत धुळाला म्हणाला होता, “तुज्या घोड्यानं माजी घोडी खाल्ली. परत वाईत पाय ठिवू नगंस.” धुळानं खाली मान घालून तळ हलवला. जेठात माघारी जाताना तो वाईला फिरकला नाही. नीलिमाने दोन्ही जनावरांचं रक्त तेव्हाच नेलं होतं; निकाल यायला श्रावण उजाडला.

दुसऱ्या दिवशी बशीरनं एसटी धरली. विट्यात गाडी बदलून आटपाडीकडच्या धुळाच्या वस्तीवर पोचेस्तोवर दुपार झाली. माफी कशी मागायची, हेच तो वाटभर मनात जुळवत होता.

त्याला बघून धुळा धडपडत उठला. दावणीला शेळ्या होत्या, घोडं नव्हतं.

“घोडं कुठं हाय रं?”

धुळा शेळीचं दावं नीट करू लागला. त्याची बायको दगडाबाई म्हणाली, “वाईवरनं निघालो आन् वाटंतच डाक्टरला बोलावून जीव घ्यायची सुई दिली त्येला. चांगलं खात-पीत व्हतं, आवं. ह्यांनीच तोंड धरलं.”

“आनी कुनाची घोडी मराय नगं,” धुळा म्हणाला. “सुई टोचताना माज्याकडंच बगत व्हतं.” मग त्यानं बशीरचा दंड धरला. “त्या डाक्टरीणबाई रक्त घिऊन गेल्या व्हत्या. काय निघालं रं त्यात? माज्याच घोड्याकडनं रोग आला व्हता न्हवं?”

बशीरनं दगडाबाईकडं पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती.

“व्हय,” तो म्हणाला. “तुज्याच घोड्याकडनं आला व्हता. बरं केलंस, गड्या.”

धुळानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

“मग सुटलो,” तो म्हणाला. “रोज वाटायचं, उगाच मारलं.”

दगडाबाईनं चहा आणला. बशीरनं कप हातात घेतला आणि म्हणाला, “या दिवाळीला तळ माज्याच परड्यात टाक.”