राणी कॅथरीनचा झगा

मी एक काळ्या मखमलीचा झगा बोलतोय. कुवेतच्या बाजारात मी नुसताच तागा होतो. एकोणीसशे अठ्ठावन्न साली अहमदी या तेल कंपनीच्या वसाहतीतल्या गोऱ्या साहेबलोकांनी नाटक बसवायला घेतलं आणि एका इंजिनिअरच्या मॅडमनी मला जवळच्या फहाहील गावात खतिजाच्या शिलाई मशीनवर आणून टाकलं.

खतिजा रत्नागिरीकडची. नवरा हारून मीना अल-अहमदीला धक्क्यावर कामाला. दोन खोल्यांचं घर आणि लेक लैला. लैलाच्या पाठचे मुलगे जगले नव्हते.

मापं देताना मॅडम मोडक्या हिंदीत नाटकाची गोष्ट सांगत. चारशे वर्षांपूर्वीची इंग्लंडची राणी कॅथरीन. तिलाही एक मुलगीच उरली होती. राजा हेन्रीला मुलगा हवा होता आणि दरबारातली दुसरीच बाई त्याच्या मनात भरली होती. 'आपलं लग्न खरं नव्हतंच म्हण, आपणहून मठात जा,' असा तगादा त्याने लावला.

खतिजाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "फिर रानी गई?"

"नहीं. कोर्ट में सबके सामने घुटनों पर बैठी. बोली, मैं तुम्हारी सच्ची बीवी हूँ. फिर उठकर चली गई. पीछे से बुलाया, मुड़ी नहीं."

"फिर जीती?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. राजाने राणीला लांबच्या दमट वाड्यांत ठेवलं. लेकीला शेवटपर्यंत भेटू दिलं नाही.

त्या दिवशी खतिजाची शिवण वाकडी गेली. तिच्या घरातही तेच चाललं होतं. मी मशीनवर पडून ऐकत होतो.

"पुढच्या बोटीने तू गावी जा," हारून म्हणायचा. "लोकांना सांग, इथली हवा मानवत नाही. लैला इथंच राहील."

"आणि तुम्ही दुसरी आणणार."

"मला मुलगा नको? तू आपणहून गेलीस तर दोघांची इज्जत राहील."

बाहेर वाळूचं वादळ, दारं-खिडक्या बंद. पासपोर्ट हारूनच्या कपाटात. खतिजा माझ्या बाह्या जोडत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी गाववाले निरोपाला आले. हारून सांगत होता, "तब्येत साथ देत नाही हो तिची."

खतिजाने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"माझी तब्येत ठणठणीत आहे. मी जात नाहीये, मला पाठवतायत. यांना दुसरं लग्न करायचंय. मी यांची बायको आहे. खोटं आजारपण सांगून जाणार नाही."

हारूनचा दोस्त झहूर बशीत चहा ओतत राहिला. शेजारच्या फखरुन्निसाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी खतिजाला बोटीवर चढवलं. लैला घरातच होती. माझ्या घेरात तोंड खुपसून ती रडली. माझी खालची पट्टी दुमडायची राहिली होती, ती मॅडमनी पिना लावून भागवली.

नाटक झालं. मॅडम माझ्यासकट गुडघ्यांवर बसल्या, 'मी तुमची खरी बायको आहे' हे वाक्य म्हणाल्या आणि मागे न बघता गेल्या. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

पुढे मॅडमच्या बोलण्यातून कळलं, हारूनच्या नव्या बायकोलाही मुलगीच झाली. लैला आईकडे गेली का, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

आता सदुसष्ट साल. साहेबलोकांच्या क्लबच्या कोठीत, पत्र्याच्या ट्रंकेत मी घडी होऊन पडलोय. वर डांबरगोळ्या, ट्रंकेला कुलूप. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की मखमलीच्या घड्या एकमेकींना चिकटतात. कधी कोणी नाटकातल्या चेटकिणीसाठी मला बाहेर काढतं, पुन्हा कोंबतं.

पुन्हा कधी कोणी राणी होऊन मला घालणार असेल, तर तिला एवढंच सांगा. खरी बायको असल्याचं हे वाक्य एका बाईने चहाच्या ट्रेपाशी उभं राहून म्हटलं होतं. तिच्यासाठी टाळी वाजवायला मला हात नव्हते. बाकी सगळ्यांना होते.