नवसाच्या बाहुल्या

माझा थोरला भाऊ थनोम तीस वर्षं तंत्रशाळेत वायरिंग शिकवत होता. पोरं काय शिकली देव जाणे. त्याच्या स्वतःच्या दारावरची घंटा आजवर वाजलेली नाही. त्यात चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा स्वभाव.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आईने अंगणातल्या जागेच्या देवाला नवस बोलला होता: मला दिसू दे, तुझ्यापुढे बायकांचा नाच करवीन. आईला दिसायला लागलं. आमच्या फेचबुरी गावात असे नवस रोज फिटतात. नाचाची मंडळी येतात, तासभर नाचतात, जेवून जातात. पण डोळ्यावरची पट्टी निघाल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवस फेडला नाही तर देव दिलेलं परत नेतो, असं तिला वाटे. दादा म्हणाला, मंडळी कशाला, मी आहे ना.

मग आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर कारखाना. बागेतल्या दिव्याचं सोलर पॅनेल त्याने उपटलं, मोडक्या खेळण्यातली मोटार दातेरी चाकांसकट काढली, तिच्यावर जुनी सीडी चिकटवली आणि सीडीच्या कडेला तीन प्लास्टिकच्या बाहुल्या. मुकुट चॉकलेटच्या सोनेरी कागदाचे. सोल्डरिंगचा वास माशाच्या रश्श्याला येऊ लागला. मी म्हटलं, हा नाच नाही, देवाची थट्टा आहे.

"माणसं तासभर नाचून घरी जातात, सांगवान," तो मला म्हणाला. "ह्या ऊन आहे तोवर नाचतील. देवाचा फायदाच आहे."

स्वतःचा खर्च वाचवताना देवाचा फायदा बघणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गुरुवारी सकाळी नऊ उदबत्त्या लावल्या, लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवली. दादाने खेळणं देवापुढे उन्हात मांडलं, सीडीच्या मधोमध झेंडूचं फूल ठेवलं. बाहुल्या फिरायला लागल्या. माझा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. दादाने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

आईने जोडलेले हात खाली घेतले.

"थनोम, ह्या उलट्या फिरतायत."

खरंच होतं. आमच्याकडे उलट्या फेऱ्या एकाच प्रसंगी घालतात: प्रेत घेऊन, चितेभोवती, तीन. इथे तर किती झाल्या याचा पत्ताच नव्हता. जन्मभर प्लस-मायनस शिकवलेल्या गृहस्थाने वायरी उलट्या जोडल्या होत्या, आणि तेही आईच्या नवसाला. दादा म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता बदलतो.

"राहू दे तशाच," आई म्हणाली. "मी गेल्यावर लागतीलच. तेव्हाही तू माणसं बोलावणार नाहीस."

तिने चपला काढल्या, काळा चष्मा माझ्या हातात दिला आणि देवापुढे नाचायला लागली. जन्मात कधी नाचली नव्हती. गुडघे वाकत नव्हते, म्हणून नुसते हात फिरवत होती. मी चष्मा खिशात टाकला आणि तिच्या शेजारी जमेल तसे हात फिरवले. दादा पॅनेल तळव्याने झाकून, बाहुल्या थांबवून बाजूला उभा राहिला. त्याची मला अजिबात दया आली नाही.

दमल्यावर आई गुडघ्यांवर हात ठेवून थांबली आणि देवाला म्हणाली, "हा नाच माझ्याकडून आणि सांगवानकडून." दादाचं नाव तिने घेतलं नाही.