बुडबुडे थांबेपर्यंत

मामाचा पिकअप बदलायचा हे मंगळवारी ठरलं. ते मामाला सांगायचं कोणी, हे मात्र शुक्रवार उजाडला तरी ठरेना. बँडमध्ये माणसं चार, पण मामा एकीचाच. बाकीचे तिघे म्हणाले, तुझं घर, तूच निस्तर.

भाची गिटार वाजवायची ती हेवी मेटलची. ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलल्या पाहिजेत, अशा जातीचं संगीत. आणि मामा पिकअप बनवायचा. गिटारच्या तारांखाली काडेपेटीएवढी एक डबी असते. तिच्यात चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वळसे. तार थरथरली की ती थरथर ही डबी पकडते आणि आवाज मोठा करणाऱ्या अँपकडे पाठवते. तोच पिकअप. गिटारला लाकूड हे अंग असेल, तर पिकअप हा घसा. तीस वर्षं मामाने असे घसे घडवले होते. भाचीच्या पहिल्या गिटारचाही त्यानेच घडवला आणि वरच्या पत्र्यावर खिळ्याने एक बारीक फुली मारून दिली. त्याच्या प्रत्येक पिकअपवर ती फुली असे.

वळसे झाले की शेवटी मेण. वितळलेल्या मेणात पिकअप बुडवायचा, म्हणजे वळशांमधली हवा निघून जाते आणि तिथे मेण शिरतं. हवा राहिली तर तार आतल्या आत थरथरते, आणि अँप मोठा केला की पिकअप किंचाळतो. इतर कारागीर घड्याळ लावून बुडवतात. मामाला ते पटत नसे. घड्याळाला काय कळणार, म्हणायचा, कुणाच्या पोटात किती वारा आहे ते. तो पातेल्यावर वाकून कान लावायचा. मोठे बुडबुडे डोळ्यांना दिसतात आणि लगेच संपतात. खरी हवा निघते ती बारीक, दिसत नाही, नुसती चिरचिरते. ती चिरचिर थांबली की पिकअप वर. गेली तीस वर्षं हाच नेम.

गेल्या वर्षभरात मामाचे पिकअप किंचाळायला लागले होते.

आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. नवा पिकअप बसवल्यावर भाचीला वाटलं, अँप बिघडला. अँप बदलला. मग वाटलं वायर. वायर बदलली. या संगीतात दोन घावांच्या मधली शांतता घावाइतकीच महत्त्वाची. तिथे सुई पडली तरी ऐकू यावी. त्या शांततेतच शिट्टी उठायची, कुणी कानात दाभण घालावं तशी. ड्रमवाला, ज्याला सगळे हातोडा म्हणत, तो एकदा वैतागून म्हणाला की आपल्या बँडमध्ये पाचवा कोण आहे, त्याला जेवायला तरी वाढा.

मंगळवारी ती गिटार घेऊन मामाच्या खोलीवर गेली. मामा टेबलाशी बसला होता. रेडिओवर कुणीतरी गात गात प्रवचन सांगत होता, आणि रेडिओ एवढा मोठा की जिन्यात पाय ठेवताच शब्दन् शब्द कळत होता. मामाची एक जुनी तक्रार होती. हल्लीचे गाणारे कंजूष झाले, झांजाच वाजवत नाहीत. झांजेशिवाय गाणं म्हणजे मीठ नसलेलं जेवण. भाचीने तेव्हा हसून सोडून दिलं होतं. झांजा तर मागे चांगल्या खणखणत होत्या. तिला वाटायचं, मामाला अजून मोठ्या हव्यात.

तिने मामाच्या अँपला गिटार जोडली आणि आवाज पुरता वर नेला. तारांवर तळहात दाबून धरला. शिट्टी उठली, अशी की आतल्या खोलीतून मामी दोन्ही कानांवर हात ठेवून दारात आली. आणि मामा अँपसमोर, हातभर अंतरावर, शांत उभा होता.

"बघ," तो म्हणाला, "कसा गप्प आहे."

मामीने भाचीकडे पाहिलं. भाचीने मामीकडे. मामाला वाटलं, बायकोला हे संगीत सोसत नाही. तो हसला आणि म्हणाला, अगं, सवय होईल.

देव देताना वाजतगाजत देतो. काढून घेताना मात्र चपला हातात घेऊन येतो. घरातल्यालासुद्धा चाहूल लागत नाही.

मामीला लागली होती. तिने भाचीला जिन्यापर्यंत पोचवताना सांगितलं की दाराची घंटा वाजली की हल्ली तीच आधी उठते, किटलीची शिट्टी झाली की मुद्दाम मोठ्याने म्हणते, चहा झाला वाटतं. बोलणं त्याला कळतं, बारीक, उंच आवाज तेवढे येत नाहीत. वर्ष झालं. आणि मग तिने भाचीचा दंड धरला. "त्याला सांगू नकोस. हात गेला असता तर मी सांगितलं असतं. कान गेला म्हणजे तो गेला."

शनिवारी रेकॉर्डिंग होतं. त्या दिवसासाठी चौघांनी दोन वर्षं घासली होती. बुधवारी हातोडा भाचीला दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने तीन पिकअप काढले आणि एकेक जोडून दिला. पहिला जाडजूड, पण वेगात वाजवलं की सगळे सूर एकमेकांत कालवले जात, तोंडात बोळा कोंबून बोलल्यासारखे. दुसऱ्याच्या पोटात बॅटरी. इतका स्वच्छ की हातोडा म्हणाला, याला फिनाइलचा वास येतोय. तिसऱ्यात कडक चुंबक होतं. घाव बसायचा तो कुऱ्हाडीचा, आणि हात दाबला की लगेच स्मशानशांतता. हातोडा म्हणाला, हाच. भाचीलाही कळत होतं की हाच. पण मामाच्या पिकअपमध्ये खर्जातला सूर किंचित खरवडून यायचा, माणसाने रडून झाल्यावर बोलावं तसा. तो खरखरीतपणा तिघांतही नव्हता. तिने तो तिसरा घेतला.

गुरुवारी तिने पाप केलं. मामाच्या पिकअपवरचा फुलीवाला पत्रा कथलाचा डाग तोडून काढला, दुकानातल्यावर चढवला आणि पुन्हा डाग दिला. वरून पाहणाऱ्याला तोच पिकअप. मामाचा पिकअप तिने मोज्यात गुंडाळून पिशवीत टाकला. हातोडा म्हणाला, झकास, साप मेला आणि काठी शाबूत. भाचीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी मामाचा निरोप आला. उद्या मोठा दिवस, तर गिटार घेऊन ये. तारा आणि पिकअपमधलं अंतर मी लावून देतो. नाही म्हणायला कारण सापडेना.

मामाने गिटार टेबलावर आडवी ठेवली, पत्र्यावरच्या फुलीवरून अंगठा फिरवला आणि बाजूचा स्क्रू फिरवायला स्क्रूड्रायव्हर नेला. टोक पिकअपजवळ पोचायच्या आत खस्सकन ओढलं गेलं आणि पत्र्यावर आपटलं.

मामा थांबला. त्याने स्क्रूड्रायव्हर सोडवला, लांब नेला, हळूहळू पुन्हा जवळ आणला. पुन्हा तीच ओढ. त्याची चुंबकं मवाळ असत. ती असा हात हिसकत नसत. मग त्याने चार स्क्रू काढले, पिकअप उलटा केला आणि चष्मा कपाळावर ढकलून खाली वाकला.

भाची उभीच होती. मामी दाराशी आली आणि तिथेच राहिली.

"लबाडी केलीस ती केलीस," मामा म्हणाला, "पण डाग तरी नीट द्यायचास. हा उद्या दुसऱ्याच गाण्यात सुटला असता."

भाचीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"माझा कुठाय?"

तिने पिशवीतून मोजा काढला. मामाने पिकअप बाहेर काढला, तळहातावर धरला आणि त्याकडेच बघत विचारलं की याने काय गुन्हा केला. आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती. ती म्हणाली, शिट्टी मारतो, मामा. मामा म्हणाला, मंगळवारी तर गप्प होता. मामाने भाचीकडे पाहिलं, मग दारातल्या बायकोकडे, जिने मंगळवारी कानांवर हात ठेवले होते. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेलेली दिसत होती. घंटा. किटली.

"रेडिओवर," त्याने विचारलं, "झांजा असतात?"

"असतात, मामा. रोज असतात."

त्याने मान हलवली. जणू एखाद्या दूरच्या गावच्या माणसाची खुशाली कळली होती.

मग तो उठला आणि मेणाचं पातेलं मंद आचेवर ठेवलं. मेण वितळल्यावर पिकअप दोऱ्याला बांधून आत सोडला. नेहमीसारखा वाकला, कान लावला. मोठे बुडबुडे आले आणि गेले. थोडा वेळ गेला. "झालं," तो म्हणाला आणि दोरा ओढायला हात नेला.

भाची त्याच्या शेजारी वाकली होती. तिच्या कानात पातेलं चिरचिरत होतं.

"नाही, मामा."

"अजून?"

"अजून आहे."

तो थांबला. दोन वेळा त्याने विचारलं, दोन वेळा ती नाही म्हणाली. पूर्वी ज्या वेळात तो पिकअप पुसून, पत्रा लावून, फुली मारून मोकळा झाला असता, तो वेळ कधीच उलटून गेला. मामीने खुर्ची आणून दिली; तो बसला नाही. अखेर चिरचिर विरत विरत थांबली आणि भाचीने त्याच्या हाताला हात लावला. त्याने पिकअप वर काढला, कापडावर ठेवला.

तो निवेपर्यंत मामाने दुकानातल्या पिकअपला स्वतः डाग दिला, गिटारमध्ये बसवला, उंची लावली. भाची म्हणाली, थांबते, तुझाच लावू. तो म्हणाला, उद्या हाच वाजव, चांगला आहे. माझा अजून कोणी ऐकलेला नाही. ऐकल्याशिवाय मी माल कधी दिला नाही, असं तो म्हणायला गेला आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं.

भिंतीवरच्या फळीवर तयार पिकअपची रांग होती. प्रत्येकावर फुली. त्याहून किती बाहेर गेले, कुणाकुणाच्या गिटारमध्ये आज किंचाळत असतील, हे त्यालाच ठाऊक. त्याने पहिला खाली घेतला. पत्रा सोडवला. दोरा बांधला आणि पातेल्यात सोडला.

भाचीला निघायला हवं होतं. हातोड्याचे दोन निरोप येऊन गेले होते. पण ती पुन्हा वाकली, आणि दुसऱ्या बाजूने मामीही वाकली.

या वेळी मामाने पातेल्याकडे पाहिलं नाही. तो त्या दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिला.