हौदावरची राखण

सुताला रंग देणाऱ्या त्या कारखान्याचे मालक हल्ली स्वतःच्या सावलीलाही उलटतपासणी केल्याशिवाय आत सोडत नसत. हौदाच्या खोलीला त्यांनी एक कुलूप लावलं, मग दुसरं. किल्ल्या कमरेला, झोपतानासुद्धा.

"अहो, रंगाचं पाणी कोण चोरून नेणार आहे?" बायको म्हणायची.

"चोरायला कशाला हवं? नासवलं तरी पुरतं." आणि ते तिच्याकडे रोखून बघत.

कारण एकदा सूत नासलं होतं. तेव्हा हौद सांभाळायचा तिचा धाकटा भाऊ, कारखान्यातला निम्म्याचा भागीदार. मालकांच्या लेकीचा मामा, म्हणून सगळ्या कामगारांचाही मामाच. एका मोठ्या ऑर्डरचं सूत चट्ट्याचट्ट्यांचं निघालं. मामाने रंगाचं प्रमाण चुकवलं असा बोभाटा झाला आणि त्याला आपला वाटा सोडून बाहेर पडावं लागलं. आता तो कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायचा.

"मी चुकलो नव्हतो गं ताई," एवढंच तो म्हणायचा. "कधीतरी कळेल." त्या आशेवर तो दिवस काढत होता. कुणावर चिडायचा नाही.

नेमकी त्याचीच मालकांना धास्ती. एका सकाळी मुकादम लाँड्रीच्या दारात मामाशी हसताना त्यांना दिसला. तो कामावर येताच त्यांनी त्याला दारातच अडवलं.

"काय शिजत होतं तिथे?"

"शिजतंय काय मालक! शर्ट दिला इस्त्रीला."

"शर्ट द्यायला एवढं हसावं लागतं?"

त्या दिवसापासून मुकादमाला हौदाची खोली बंद. मग लेकीने सहज विचारलं, "बाबा, सोड्याची गोणी कुठे ठेवलीत?"

"तुला कशाला हवी? मामाने विचारायला सांगितलं?"

"अहो बाबा, रंग पक्का करायला रोज लागतो की सोडा!"

तिलाही आत यायची बंदी झाली.

पुढची मोठी ऑर्डर गडद निळ्या सुताची होती. मालक एकटेच आत कोंडून बसले. बाहेर झाकण उघडल्याचा आवाज यायचा, आपटल्याचा यायचा, पुन्हा उघडल्याचा. कुणी पाण्यात काही टाकलंय का, म्हणून ते सुताच्या लडी वर काढत होते, हुंगत होते, परत बुडवत होते. दुपारी दार धाडकन उघडलं. त्यांच्या हातात चट्टे पडलेली लड होती.

"सोडा ओतला! रंग चढायच्या आधीच सगळा सोडा ओतला कुणीतरी! तेव्हाही अर्धी गोणी ओतल्यावर असेच चट्टे..."

कामगार, लेक, बायको, सगळे दाराशी धावले.

"तेव्हा तर मामाने प्रमाण चुकवलं होतं ना?" लेक हळूच म्हणाली. "सोड्याचं आम्ही आजच ऐकतोय, बाबा."

मालकांनी बायकोकडे पाहिलं. ती हौदापाशी जाऊन पाण्यात हात घालून उभी होती.

"कुणी काही ओतलेलं नाही. पाणी गार पडलंय. सारखं झाकण उघडून तुम्हीच गार केलंत, आणि सूत हलवायला कुणाला येऊ दिलं नाहीत." तिने पाण्यातून हात बाहेर काढला. "त्याचा वाटा हवा होता तर मागायचा होतात. माझ्या भावाचं नाव कशाला नासवलंत?"

ती तशीच, ओल्या हाताने लाँड्रीत गेली. मामाने इस्त्री उभी ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हात चुकला नव्हता माझा?"

"नाही रे."

"मलाच शंका यायला लागली होती गं, ताई." तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला. लाँड्रीवाल्याला वाटलं, हा भाजला की काय!

गिऱ्हाइकाने निळं सूत परत पाठवलं. पाठोपाठ बाकीची गिऱ्हाईकंही गेली, ती मामाकडे. त्याने एका पडक्या शेडमध्ये नवा हौद बांधला. मुकादम गेला, भाची गेली, ताईही दिवसभर तिथेच असायची. वर्षाच्या आत मालकांचा कारखाना बंद पडला.

मग मामाने बहिणीकडे निरोप दिला, "भाऊजींना म्हणावं, या इकडे कामाला. घरात बसून काय करता?"

मालक गेले नाहीत. यात मेव्हण्याचा काहीतरी डाव असणार, याची त्यांना पक्की खात्री होती.