उलटी धरलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी, एका डोळ्याने अधू झालेली दुर्बीण आहे आणि सध्या माझा मुक्काम तांदळाच्या डब्यात आहे. यात मला मुळीच कमीपणा वाटत नाही. मुळशीचा पावसाळा ज्याने काढला आहे, त्याला तांदळाच्या डब्याची किंमत कळते. बाहेर भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी चढते, काडेपेटीतली काडी ओढून ओढून पेटत नाही. आणि मी मात्र मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, आंबेमोहोराच्या वासात कोरडी ठणठणीत असते. डब्यात अंधार आहे आणि वेळ भरपूर आहे. म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी गोष्ट सांगावी.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझ्या पोटात काचा बसवल्या, एवढंच. दोन नळ्या, मध्ये एक चाक, गळ्यात अडकवायला कातडी पट्टा. पुण्याच्या बंडोपंतांनी मला विकत घेतलं. ते शाळेत भूगोल शिकवत आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी मुळशी धरणाच्या काठाला दोन खोल्यांचं घर बांधलं. त्या घराची राखण करायला नांदे गावचे भिकू होते. आठवडाभर ते धरणावर राहत आणि शनिवारी एसटीने घरी जात.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मला जवळचं काही दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर मला नुसता धुरकट रंग दिसतो. पण पलीकडच्या काठावर बसलेल्या खंड्याच्या चोचीत मासा आहे की बेडूक, ते मी इथून सांगते, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. भिकूंनी मला पहिल्यांदा डोळ्याला लावलं तेव्हा समोरचा डोंगर अंगावर आला असं वाटून ते दोन पावलं मागे सरले. बंडोपंत हसले नाहीत. त्यांचा एकच नियम होता, "भिकू, आधी बघायचं, मग बोलायचं."

मला तांदळात ठेवायची युक्ती भिकूंची. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या काचांवर वाफ धरली तेव्हा ते म्हणाले, "पंत, आमी काडेपेटी तांदळात ठिवतो. हिला बी ठिवू. तांदूळ ओल पितोय." बंडोपंतांनी ऐकलं. पुढे त्यांचे डोळे थकले आणि घराची राखण भिकूंवर सोपवून ते मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढून भिकूंच्या गळ्यात घातलं. भिकूंनी त्या दिवशी जेवताना सुद्धा मला काढलं नाही.

आता मी तुम्हाला ती सकाळ सांगते. आठ वर्षांपूर्वीचा मे महिना होता. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, बुडालेल्या घरांची जोती वर आली होती आणि काठाला लांबवर चिखल उघडा पडला होता. भिकू उजाडायच्या सुमाराला काठावर आले. चिखलाच्या टोकाला काहीतरी हललं म्हणून त्यांनी मला डोळ्याला लावलं, चाक फिरवलं, आणि मग त्यांचा श्वास माझ्या काचेवर थांबला. तिथे चौदा पक्षी उभे होते. माणसाच्या छातीएवढे उंच, काठीसारखे पाय, अंगावर फिकट गुलाबी झाक. मान खाली सोडून, डोकं पार उलटं करून, वाकड्या चोचीने ते पाणी गाळत होते. मी आयुष्यभर पक्षी पाहिले, पण असं काही पाहिलं नव्हतं.  मग एकाएकी ते सगळे धावत सुटले आणि पंख उघडले. त्या पंखांच्या आत विस्तवाचा रंग होता. आभाळात एक लांब रेघ झाली आणि ती दिसेनाशी झाली. भिकू कितीतरी वेळ मला डोळ्याला लावून तसेच उभे होते.

त्या पक्ष्यांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगायला बंडोपंत आता या जगात नव्हते. काठावर दुसरं कुणी नव्हतं. साक्षीला फक्त मी, आणि मला तोंड नाही.

त्याच शनिवारी नांद्यात भिकूंच्या चुलतभावाच्या, शंभूच्या मुलीची हळद होती. मांडवात माणसं जमलेली. भिकूंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, उलट्या डोक्यासकट. शंभू म्हणाला, "दादा, बगळ्यांवर कुनी गुलाल उधळला आसंल." मांडव हसला. "आन् डोस्कं उलटं करून खात्यात? मंग हागत्यात कुटून?" मांडव पुन्हा हसला. भिकूंनी बायकोकडे पाहिलं. सगुणाबाई हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. चार बायकांत बोलायला गेलं की माणूस चार बायकांसारखं बोलतो. त्या म्हणाल्या, "उन्हानं फिरलंय ह्यांचं डोस्कं. ध्यान देऊ नका."

 भिकूंनी मला गळ्यातून काढलं आणि पिशवीत ठेवलं. नंतरची पाच वर्षं ते जगले, पण माझ्यासमोर त्या पक्ष्यांचा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. गावातली मुलं त्यांना 'गुलाबी भिकू' म्हणत, तेही त्यांनी ऐकून सोडून दिलं. मला मात्र फार वाईट वाटायचं. कारण मला खरं ठाऊक होतं.

भिकू गेले ते पावसाळ्यात. सुतक फिटायच्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू धुऊन काढतात. सगुणाबाईंनी अंथरुणं धुतली, भांडी घासली, आणि शेवटी तांदळातून मला काढलं. नवऱ्याच्या जिवाभावाची वस्तू, ती अशीच कशी ठेवायची? त्यांनी मला राखेने घासलं, दोन तांबे पाणी ओतलं, पुन्हा पुन्हा पुसलं. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं, आणि त्याच प्रेमाने माझा घात झाला. उजव्या नळीत पाणी शिरलं. मग त्यांनी मला भिकूंच्या टोपीबरोबर ट्रंकेत ठेवलं आणि तीन वर्षं ट्रंक उघडली नाही. त्या अंधारात माझ्या उजव्या नळीत बुरशीचं जाळं वाढत गेलं आणि तिकडून मला दिसायचं बंद झालं.

दरम्यान नांदे बदललं. शेतांच्या जागी इमारती आल्या. सगुणाबाईंनी घराशेजारी चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या. त्यांतल्या एकीत एकनाथ आणि हेमलता राहायला आले. दोघं लातूरकडचे, हिंजवडीत नोकरीला. त्यांची मुलगी मृण्मयी दहा वर्षांची. शाळेतून आली की ती सगुणाबाईंच्या ओट्यावरच असायची.

यंदाच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मृण्मयी मोबाईल घेऊन आली. मी तेव्हा ट्रंकेतच होते, हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. "आजी, रविवारी आम्ही भिगवणला जाणार आहोत. हे बघायला. फ्लेमिंगो. मराठीत रोहित म्हणतात."

सगुणाबाईंनी मोबाईल हातात घेतला. त्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेलेला, भात झोडताना कुसळ घुसून. त्यामुळे त्यांनी मान वळवून उजव्या डोळ्याने पाहिलं.  मग म्हणाल्या, "ह्ये खरं हाय का?"

"हो आजी. उजनीच्या पाण्यावर येतात दरवर्षी."

"मोबाईलमदी हत्ती बी उडताना दावत्यात. ह्ये डोस्कं उलटं करून खात्यात का?"

"तुम्हाला कसं माहीत?" मृण्मयीने विचारलं.

 सगुणाबाई आत गेल्या, ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढून तिच्या हातात दिलं. "मला बी न्या," त्या म्हणाल्या. हेमलता म्हणाली, "मावशी, फार लांब आहे हो. तुमचे गुडघे..." सगुणाबाई म्हणाल्या, "दुखलं तर दुखलं. मला माज्या डोळ्यानं बघायचंय."

पहाटे गाडी निघाली. मागच्या सीटवर सगुणाबाई, त्यांच्या मांडीवर मी, शेजारी भाकरी-चटणीचं गाठोडं. हडपसर मागे पडल्यावर त्यांनी सगळी हकीकत सांगितली. धरण, चौदा पक्षी, हळदीचा मांडव. शेवटी म्हणाल्या, "आख्ख्या गावानं हसावं. पन म्या हसायला नको हुतं."   ज्या क्षणासाठी ही बाई निघाली होती, त्या क्षणाला माझी उजवी नळी आंधळी असणार होती, आणि त्यांना दिसत होतं ते फक्त उजव्या डोळ्याने.

भिगवणला नावाडी नथू वाट पाहत होता. होडी पाण्यावरून निघाली. धुकं हळूहळू उठत होतं. आणि मग समोर, पाणी संपतं तिथे, एक गुलाबी पट्टा दिसला. तो हलत होता. शेकडो गळ्यांचा आवाज पाण्यावरून येत होता. एकनाथने मोबाईल वर केला आणि तसाच खाली ठेवला. हेमलता होडीची कड धरून बसली. नथूने बांबू चिखलात रोवला. "ह्याच्या फुडं न्हेत न्हाई. उठवायचं न्हाई त्यास्नी. लई लांबनं आल्यात."

"रंग दिसतोय," सगुणाबाई म्हणाल्या. "पन रंगाचं काय, गुलालाचा बी आसतोय. मला चोच बघायचीय."

त्यांनी मला डोळ्यांना लावलं. मित्रांनो, मी जीव एकवटला, पण नुसत्या जिवाने काच स्वच्छ होत नाही. त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर फक्त पांढरं जाळं. एकनाथने चाक फिरवून पाहिलं, इकडे, तिकडे. काही होईना. शेवटी सगुणाबाईंनी मला मांडीवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे. माजाच डोळा गेला आसंल. माज्या नशिबात न्हाई त्ये." त्या रडल्या नाहीत. नुसत्या पदराने मला पुसत राहिल्या, सुतक फिटलं त्या दिवशी पुसलं होतं तसंच.

मृण्मयीने मला उचललं. एक डोळा मिटला, मग दुसरा. "आजी, तुमचा डोळा नाही खराब. हिचा एक डोळा खराब आहे. डावीकडून स्पष्ट दिसतंय." तिने डावी नळी सरकवून त्यांच्या उजव्या डोळ्याला लावायचा प्रयत्न केला, पण दोन्ही नळ्या टेकल्याशिवाय त्या कापऱ्या हातांना आधार मिळेना. मृण्मयी पुन्हा माझ्यातून बघू लागली. समोर एक रोहित मान खाली सोडून, डोकं उलटं करून, निवांत खात होता. ती एकदम थांबली. मग तिने मला उलटी केली, पोट वर, पाठ खाली, आणि सगुणाबाईंच्या डोळ्यांना लावलं. माझी डावी नळी त्यांच्या उजव्या डोळ्यावर आली. मी उलटी झाले, पण चित्र सुलटच राहिलं. जपानमधल्या त्या हातमोज्यांनी माझ्या काचा तशाच बसवल्या होत्या.

सगुणाबाईंचा श्वास माझ्या काचेवर थांबला. भिकूंचा थांबला होता, अगदी तसा.

एक डोकं उलटं. शेजारी दुसरं. मग रांगच्या रांग. वाकड्या चोचींतून पाणी गळत होतं, लांब पाय चिखल तुडवत होते, आणि त्या सगळ्यांवर सकाळचं ऊन पडलं होतं. इतक्यात लांब कुठेतरी दुसऱ्या होडीचं इंजिन वाजलं आणि तो पट्टा पाण्यावरून धावू लागला. पंख उघडले. आभाळभर विस्तव उडाला. तो आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा नथूनेही डोक्यावरची टोपी काढली, आणि तो तर हे रोज बघतो.

सगुणाबाई हळूच बोलल्या. "खरं सांगत हुते ओ तुमी." होडीत त्यांनी असं कुणाला म्हटलं, ते सगळ्यांना कळलं.

परत येताना नांद्यात शिरल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. शंभूचं शेत होतं तिथे आता मोठी सोसायटी आहे, आणि शंभू संध्याकाळी तिच्या फाटकापाशी बाकावर बसतो, बरोबर चार म्हातारे. सगुणाबाई मला गळ्यात घालून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "शंभू भावजी, मांडवात म्या चारचौघांत बोलले, म्हनून चारचौघांत सांगते. पक्षी हायेत. गुलाबी हायेत. डोस्कं उलटं करून खात्यात. आमचं मानूस खरं हुतं, खोटी मी हुते."

कुणी हसलं नाही. शंभूने खाली बघितलं. मग म्हणाला, "वयनी, दादा दुसऱ्या दिशी मला बोलवाय आला हुता. म्हनला, चल, पुन्हा येतील, दोघं बघू. म्या गेलो न्हाई."

यंदाच्या मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा आम्ही सगळे मुळशीच्या काठावर गेलो. सगुणाबाई, मृण्मयी, तिचे आईवडील आणि काठी टेकत शंभू. सकाळपासून दुपारपर्यंत चिखलाच्या टोकाकडे बघत बसलो. रोहित आले नाहीत. शंभू मला सगुणाबाईंसारखीच उलटी धरून सगळ्यात शेवटपर्यंत बघत होता.

मित्रांनो, मला पाण्याने धुऊ नका, ओलीत ठेवू नका, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला ट्रंकेत विसरू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणी येऊन म्हणालं की मी असं असं पाहिलं, तर हसण्याआधी त्याच्याबरोबर एकदा जाऊन या. भिकूंबरोबर कुणी गेलं नाही. मी होते, पण मला सांगता आलं नाही.

आता पाऊस लागला आहे. सगुणाबाईंनी परवाच मला फडक्यात गुंडाळून तांदळात ठेवलं. ठेवताना भिकू ठेवत तशी सुलटी ठेवली, मग जरा थांबल्या, आणि हात घालून मला उलटी केली.