रंगाऱ्याचा उजवा खांदा

“हललं!” सुईबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की नर्सच्या हातातला चिमटा खणकन ट्रेमध्ये पडला.

“काय हललं?” मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले. पेशंटच्या उघड्या मानेत एका पांढऱ्या धाग्याभोवती त्यांची कात्री उघडून थांबली होती.

“खांदा! तुम्ही आत्ता त्या धाग्याला करंट दिलात ना, तेव्हा माझ्या बोटांखाली फुरफुरला.”

“पडद्यावर काय आहे?”

सुईबाईंनी पडद्याकडे पाहिलं. रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट होती. “पडद्यावर काही नाही,” त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

“मग काही नाही. कापतो.”

“अहो थांबा!”

मोठ्या डॉक्टरांना थांबा म्हणायची त्या हॉस्पिटलात कुणाची छाती नव्हती. सुईबाईंचीही नव्हती. पण तोंडातून निघून गेलं, आणि कात्री थांबली.

स्नायूंत बारीक सुया टोचून त्यांतली वीज मोजायची, हे बाईंचं सव्वीस वर्षांचं काम. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. गेलं वर्षभर त्या मोठ्या डॉक्टरांच्या संशोधनात होत्या. विषय होता ट्रॅपेझियस, म्हणजे मान आणि पाठ झाकणारा, खांदा उचलणारा मोठा स्नायू. त्याला हुकूम देणारी एक जाड नस आहे, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण मानेच्या मणक्यांतूनही काही धागे त्याच्याकडे जातात. ते नुसत्या संवेदना नेतात, की खांदा उचलायलाही हातभार लावतात, यावर डॉक्टर मंडळींची जुनी जुंपलेली. मोठे डॉक्टर म्हणाले, वाद कशाला घालता, करंट देऊन बघू या. मानेतल्या गाठी काढताना, पेशंटला आधी विचारून, ते पहिल्यांदा जाड नसेला करंट द्यायचे आणि मग धाग्याला. बाईंनी पडद्यावर पाहून वहीत लिहायचं. नऊ पेशंट झाले होते. जाड नसेला डोंगराएवढी लाट आणि धाग्याला शून्य, असं नऊ वेळा बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

आजचा दहावा पेशंट रंगारी होता. गाठींनी त्याची जाड नस पार गिळली होती, ती तपासून मघाशीच कापावी लागली. आता मध्ये उरला होता तो गाठींना चिकटलेला धागा. सकाळी त्याचा उजवा खांदा तपासताना तो बाईंना म्हणाला होता, “भिंती काय, कुणीही रंगवतं हो बाई. छत रंगवतो तो खरा रंगारी. तेवढा हात वर जाऊ द्या.”

“ते डॉक्टरांना सांगा.”

“सांगितलं की. ते नुसतं हं म्हणाले.”

“अहो, गप्प बसा जरा,” त्याची बायको म्हणाली, पण तिचेही डोळे बाईंच्याच तोंडाकडे होते.

मागच्या नऊ वेळी बाई मशीनपाशी बसून असत. आज सुईची वायर निसटायला लागली, म्हणून त्यांनी चादरीखालून हात घालून ती खांद्यावर दाबून धरली होती. पडदा एक सांगत होता आणि बोटं दुसरंच. सव्वीस वर्षांत बोटांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता.

मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली. मशीनचा पट, म्हणजे मोजायचं माप, जाड नसेसाठी लावलेला होता, मोठी लाट पडद्यात मावावी म्हणून. धाग्याची पाळी आली तरी तो तसाच होता. पोती तोलायच्या काट्यावर चिमूटभर मीठ ठेवल्यावर काटा हलणार कसा?

त्यांनी मोकळ्या हातानं पट बदलला. “परत द्या करंट.”

डॉक्टरांनी दिला.

रेघेनं उडी मारली! चिमुकली, पण स्पष्ट.

“परत!” आता डॉक्टरच ओरडले आणि त्यांनीच करंट दिला. पुन्हा उडी. “भूल देणारे, तुम्ही बघा. नर्स, तू पण बघ. मला एकट्याला दिसतंय का?” सगळ्यांना दिसत होतं. भूल देणारे डॉक्टर खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. एरवी फुकटचं हसूही न देणारे मोठे डॉक्टर मास्कच्या आत खुदखुदत होते.

“जाड नस कापलेली आहे, आणि तरीही!” ते म्हणाले. “हा धागा वाचवायचाच. जेवणाची सुट्टी विसरा.”

कात्री बाजूला झाली. धाग्याला चिकटलेली एकेक गाठ सोडवायला अडीच तास लागले. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

हात धुऊन झाल्यावर बाई वही घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. तिथे लाडूच वाटायचे बाकी होते, इतकी मंडळी खुशीत होती. बाईंनी मात्र वही उघडून टेबलावर ठेवली.

“आधीच्या नऊ जणांनाही पट मोठाच होता,” त्या म्हणाल्या. “मी बदललाच नाही. ती शून्यं माझी चूक आहे.”

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी वही ओढून घेतली आणि पानं उलटली.

“त्यातल्या सहा जणांचे धागे मी कापले,” ते हळूच म्हणाले. “तुमच्या शून्यावर भरवसा ठेवून. मीही कधी कोपऱ्यातला आकडा पाहिला नाही.”

“मग आता?”

“शून्य खोडा. ‘माहीत नाही’ लिहा. आणि त्या सगळ्यांना बोलवू. निदान काय झालं ते समोरासमोर सांगू.”

बाईंनी नऊ शून्यं खोडली, नऊ वेळा ‘माहीत नाही’ लिहिलं आणि प्रत्येकापुढे सही केली.

तीन महिन्यांनी रंगारी बायकोसह आला. रोज व्यायाम करतो म्हणाला. गंजीफ्रॉकवर स्टुलावर बसला, तसा बाईंचा जीव टांगणीला लागला. त्याला हात वर कर म्हणायचं धाडस त्यांना होईना. सुया मांडता मांडता त्यांनी आडून विचारलं, “मग, छत जमेल का हो?”

रंगाऱ्यानं ‘कुणास ठाऊक’ अशा अर्थानं खांदे उडवले.

बाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. “परत करा!”

“काय परत करू?” त्याला कळेना.

“मी विचारते, छत जमेल का?”

बायकोनं तोंडाला पदर लावला. रंगाऱ्यानं गोंधळून पुन्हा खांदे उडवले. डावा झटकन वर गेला. उजवा उशिरा निघाला, थरथरला, अर्ध्यापर्यंत आला आणि तिथे टिकून राहिला.