मिटलेली दोन बोटं

परभणीच्या एका हॉटेलात टाय लावलेल्या सरांनी सृष्टीला विक्रीची विद्या शिकवली होती. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघा, तळहात उघडे ठेवा आणि गिऱ्हाईक जसं बसेल तसंच बसा, म्हणजे तुम्ही त्याला आपल्यातले वाटता. सृष्टीनं हे सगळं मन लावून पाठ केलं. न करून सांगते कुणाला! कडबाकुट्टीच्या मशिनी विकणाऱ्या भागवतशेठनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "या आठवड्यात एक मशीन विकून दाखव. नाहीतर ही लाईन पोरींची नाही, हे कबूल कर." कबूल केलं की राणीसावरगावला परतायचं आणि आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचं, एवढंच उरत होतं. मुकादम घरी विचारूनही गेला होता. बी.ए. झालेल्या सृष्टीनं मात्र ठरवलं होतं, कोयता हातात धरणार नाही म्हणजे नाही.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ती टेम्पोत मशीन घालून झरीला आश्रुबांच्या दारात उतरली. आश्रुबा म्हणजे साठी ओलांडलेले, गोठाभर जनावरांचे धनी. ते ओट्यावर मांडी घालून बसले होते. सृष्टीनंही समोर मांडी घातली. त्यांनी एक गुडघा उभा केला, हिनंही केला. त्यांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं, तर या बयेनं ओढणी सरकवून डोकं खाजवलं आणि वर त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून हसली. म्हाताऱ्यानं मान फिरवली.

"पोरी, माझ्या नकला करायलीस का गं?"

टेम्पोवाला बजरंग तोंडाला रुमाल लावून खिदळला. सृष्टीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या सरांना टायसकट आणून या ओट्यावर बसवावं, असं तिला फार वाटलं.

"चुकलं, बाबा," म्हणून तिनं नजर खाली घेतली. तेवढ्यानंच म्हातारा जरा सैलावला.

"बरं, चालव तुझी मशीन."

गोठ्यापुढं मोटार घरघरायला लागली. एका बाजूनं कडब्याची पेंढी आत, दुसऱ्या बाजूनं बारीक कुट्टी बाहेर. आश्रुबांची मान डोलायला लागली.

"लय बेस हाय. काय म्हणता मग?"

हे त्यांनी हवेला विचारलं. खरं तर विचारलं होतं गोठ्याच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या सुनेला, दैवशालाला. मुलगा पुण्याला कंपनीत, त्यामुळे जनावरं तीच बघायची. सासरा-सून एकमेकांशी थेट बोलत नसत. सासऱ्यानं हवेला विचारायचं आणि सुनेला पटलं तर तिनं बांगड्या वाजवायच्या, असा त्या घरचा कारभार. राणीसावरगावातही अशी घरं होती, म्हणून सृष्टीला तो लगेच उमगला.

बांगड्या वाजल्या नाहीत. मोटारीच्या आवाजात ऐकू आल्या नसतील म्हणून सृष्टीनं बटण बंद केलं. तरीही नाहीच.

"घेऊन टाकू," आश्रुबा म्हणाले. "सून गप हाय, म्हंजे तिची ना न्हाई."

काम फत्ते, असं बजरंगनं डोळ्यांनीच खुणावलं. सृष्टीनं पावतीपुस्तकही बाहेर काढलं. पण तिची नजर दैवशालाकडं गेली. बाईनं दोन्ही हात कोपरापर्यंत पदरात गुंडाळून घेतले होते आणि ती मशीनच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. असे आवळलेले हात बांगड्या वाजवणार तरी कसे?

सृष्टी तिच्याजवळ गेली. "ताई, काय झालं?"

दैवशालानं सासऱ्याकडं पाहिलं. तिनं एक हात पदरातून काढून मशीनच्या तोंडावर टेकवला. वीतभर जागा, की लगेच पातं. मग तिनं त्याच हाताची दोन बोटं मिटली, उरलेली तीन सृष्टीला दाखवली आणि हनुवटीनं शेजारच्या घराकडं इशारा केला. त्या घराच्या अंगणात चतुराबाई डाव्या हातानं भाकरी थापत बसली होती.

चतुराबाईच्या उजव्या हाताला तीनच बोटं उरली होती. आखूड तोंडाचा जुना माल गळ्यात मारणाऱ्या शेठचा सृष्टीला राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. मशीनमध्ये हात कुणाचे जाणार, हे तिनं सकाळपासून एकदाही विचारलं नव्हतं.

"बाबा, ही नका घेऊ," ती म्हणाली. बजरंगला ठसका लागला. "हिचं तोंड आखूड हाय. लांब तोंडाची दुसरी येती. दांडा वढला की उलटी फिरून पेंढी भायेर टाकती. सोमवारी आणते. आधी ताई चालवून बघतील, मग ठरवा."

लगेच तिनं शेठना फोन लावला. शेठ असे कडाडले की ओट्यावरसुद्धा ऐकू गेलं.

"ठरलेलं गिऱ्हाईक घालवलंस? सोमवारी माझा पुतण्या हरिओम जाईल. तू कामावर नको येऊस आता!"

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "हरिओमला पाठवा, शेठ. पण मशीन लांब तोंडाचीच पाठवा. आखूड तोंडाची या घरात मी उतरू देणार नाही."

दैवशाला गोठ्याच्या दारातून निघाली. सासऱ्याच्या समोरून, ओट्यासमोरून सरळ चालत येऊन तिनं सृष्टीच्या हातातला फोन घेतला.

"मशीन ह्या ताईच घेऊन येतील," ती मोठ्यानं म्हणाली. "दुसरं कुणी आलं तर दारातूनच माघारी जाईल."

आश्रुबा खाली बघत होते. मग ते ओट्यावरूनच ओरडले, "ऐकलं का, शेठ? घरची मालकीण बोलायलीय."